पाळीवरचं संशोधन

माझी भाची अमेरिकेत नर्स आहे. तिशी उलटल्यावर आता तिला डॉक्टर व्हायचंय! आपल्याकडे ‘नीट’चे गुण बघतात. तिथे आधी पदवी, मग ‘एमकॅट’ परीक्षा, शिवाय अर्जात आपण काय काय केलं ते लिहायचं. संशोधन सगळीच कॉलेजं मागत नाहीत, पण पुष्कळ ठिकाणी त्याला वजन असतं. फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. “मावशी, बारा-बारा तासांची पाळी, घरी लहान मूल. प्रयोगशाळेत जाऊ कधी?”

पण संशोधन म्हणजे काचेच्या नळ्याच का? क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगराईनंच सैनिक जास्त दगावले, हे आकडे मोजून १८५८ साली आकृतीत मांडलं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं. तीही नर्सच ना!

शेवटी भाचीनं भीड सोडून वॉर्डातल्याच डॉक्टरीणबाईंना विचारलं. रुग्ण रात्री उठताना पडतात, त्याचा अभ्यास त्या करत होत्या. जुन्या नोंदी काढायच्या, किती वाजता पडले, कोणतं औषध चालू होतं, ते तक्त्यात भरायचं. नावं मात्र गाळायची. आधी नीतिसमितीची परवानगी हवी बरं का! रोज हाताखालून जाणारे कागद असले, तरी अभ्यासाला तसेच वापरता येत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी चार तास ती हेच करते. तेवढा वेळ मूल बापाकडे. जावईबापू आधी कुरकुरले, आता कुकरही लावतात म्हणे.

अर्ज अजून जायचाय.