जुनी पेटी घेताना

रहिमतपूरसारख्या गावात भजनासाठी पहिली पेटी (हार्मोनियम) घेणारा आधी खुंट्या (हवेची वाट उघडणारे दट्टे) मोजतो. जास्त खुंट्या म्हणजे भारी पेटी, हा समज स्वाभाविक असला तरी खरा नाही. काही खुंट्या निव्वळ शोभेच्या असतात. आवाज देतात ते सूर (हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभा), आणि त्यांना हवा पुरवतो भाता. गळका भाता म्हणजे पंक्चर ट्यूब: कितीही हवा भरा, टिकत नाही. म्हणून खुंट्या बंद ठेवून भाता भरावा. तो लगेच बसला, तर गळती आहे. मग खुंट्या उघडून प्रत्येक पट्टी हळू दाबून ऐकावी. भात्याचे ठिगळ स्वस्तात होते. खराब सूर बदलणे महाग.