घर तिथले, सांभाळणारे इथले

अंथरुणाला खिळलेल्या, वृद्ध किंवा अपंग माणसाला दवाखान्यात वा आश्रमात न पाठवता घरीच ठेवायचे आणि त्याच्या सांभाळासाठी दुसऱ्या देशातून माणूस आणून त्यालाही घरातच राहायला द्यायचे, ही पद्धत पश्चिम आशियात चांगलीच रुळली आहे. इस्रायलमध्ये या कामासाठी स्वतंत्र परवाना आणि स्वतंत्र व्हिसा असतो आणि काम करणाऱ्याला केअरगिव्हर म्हणतात. कुवेत, सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती या देशांत तेच काम घरकामगाराच्या व्हिसावर आलेल्या बाईच्या वाट्याला येते. तिथे म्हातारीला उठवणे-बसवणे, लहान मुलाला न्हाऊ-माखू घालणे, स्वयंपाक आणि धुणीभांडी असे सगळे एकाच पगारात धरलेले असते.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजूने पाहिले तर या व्यवहारात माणसे येत नाहीत, जातात. भारतातल्या कुटुंबाला परदेशी केअरगिव्हर ठेवणे कायद्याने जवळजवळ अशक्यच आहे. भारताचा नोकरीचा व्हिसा मिळण्यासाठी पगार वर्षाला १६.२५ लाख रुपयांहून अधिक असावा लागतो आणि देशात सहज माणसे मिळतात अशा कामासाठी तो दिलाच जात नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, तेवढाच काय तो अपवाद. शहरातली घरे ब्यूरोतून चोवीस तासांची मावशी आणतात. गावात हा भार सुनेवर किंवा लेकीवर असतो, आणि पुष्कळदा नेमकी तीच सून कुवेतला गेलेली असते.

जुना आदिलाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानाचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या मंडळांत मराठी बोलणारी घरे मात्र इकडेच राहिली. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचे चार भाग झाले. निर्मल, खानापूर, मुधोळ, भैंसा हा पट्टा नव्या निर्मल जिल्ह्यात गेला आणि आखातात जाण्याची रीतही मुख्यतः याच पट्ट्यात, शेजारच्या निजामाबाद-जगतियालच्या बरोबरीने, मुरली आहे. कोरडवाहू कापूस, बोअरवेलचे कर्ज आणि मुलीचे लग्न ही कारणे दोन पिढ्या बदललेली नाहीत. पुरुष बांधकामावर आणि साफसफाईला जातात, बायका घरांत. केअरगिव्हर म्हणून इस्रायलला जाणाऱ्यांत मात्र उत्तर तेलंगणातले पुरुषही आहेत, कारण लकवा झालेल्या जाडजूड म्हाताऱ्याला खुर्चीतून पलंगावर न्यायला अंगात बळ लागते.

जाण्याच्या वाटेवरचा पहिला दरवाजा पासपोर्टचा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी, नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा माणसाला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’कडून मंजुरी घ्यावी लागते. आदिलाबादकरांसाठी हे कार्यालय हैदराबादला आहे. सगळी नोंद ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणकीय यंत्रणेवर होते. त्यात मालक कोण, पगार किती, करार किती वर्षांचा, हे आधी उतरते. ईसीआर पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या बाईचे वय किमान ३० असावे लागते. २०१६ पासून तिची भरती खासगी एजंटाला करता येत नाही. ती केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक, तामिळनाडूच्या ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशनसारख्या सरकारी संस्थांमार्फतच व्हावी लागते. तेलंगणात हे काम ‘टॉमकॉम’ करते.

परदेशातल्या कुटुंबाला संस्था टाळून थेट बाई नेमायची असेल, तर करार भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करावा लागतो आणि २,५०० डॉलरची बँक हमी द्यावी लागते. मालकाने पळ काढला किंवा पगार बुडवला, तर बाईला परत आणण्याचा खर्च त्यातून निघावा, हा हेतू होता. कुवेतला ही अट जाचक वाटली आणि काही काळ तिथली भरतीच खुंटली. २०१७ मध्ये कुवेतपुरती ती काढून टाकण्यात आली. बाईजवळ मोबाईल असावा आणि तो मालकाने द्यावा, हेही भारताच्या नियमांत आहे. कागदावर ही बाब लहान दिसते. पण बंद फ्लॅटच्या आत राहणाऱ्या बाईसाठी दूतावासापर्यंत पोचण्याचे दुसरे साधन नसते, म्हणून या अटीचे मोल हमीच्या रकमेइतकेच मानले पाहिजे.

नियम इतके असूनही फसवणूक होते, ती आडवाटेने. एजंट बाईला पर्यटनाच्या किंवा भेटीच्या व्हिसावर विमानात बसवतो. या व्हिसाला उत्प्रवास मंजुरी लागत नाही, त्यामुळे ई-मायग्रेटवर तिचे नाव येत नाही, करार होत नाही, विमाही निघत नाही. तिथे उतरल्यावर व्हिसा बदलून देतो असे तिला सांगितलेले असते. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. आडवाटेचा एजंट किती घेतो याला मर्यादा नाही आणि त्याची पावतीही मिळत नाही. तीस वर्षे पुरी नसणे, शिक्षण नसणे, घाई असणे ही या वाटेला वळण्याची कारणे आहेत. वयाची अट बायकांच्या रक्षणासाठी आली खरी, पण पंचविशीतल्या विधवेला तिने सरळ वाटेवरून ढकलून आडवाटेला लावले, हेही तितकेच खरे आहे. सरळ वाटेने जाणाऱ्या ईसीआरधारकाला ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ बंधनकारक असते. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते.

आता नेमणाऱ्या घराची बाजू. आखातात कुटुंब हेच ‘कफील’, म्हणजे बाईच्या राहण्याचे प्रायोजक असते. कुवेतमध्ये घरकामगाराचा व्हिसा वीस नंबरचा, तर कंपनीतल्या कामगाराचा अठरा नंबरचा. वीस नंबरवाल्याला सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही. त्यासाठी कुवेतने २०१५ मध्ये वेगळा कायदा केला, क्रमांक ६८. त्यानुसार दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याला एक सुटी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा आणि नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार असे हक्क मिळाले. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणे बेकायदा ठरले. पुढच्याच वर्षी किमान वेतन ६० दिनार ठरले, म्हणजे सुमारे सतरा हजार रुपये. संयुक्त अरब अमिरातींत २०१७ चा कायदा होता, त्याची जागा २०२२ च्या ९ क्रमांकाच्या कायद्याने घेतली. तिथे रोज किमान बारा तास विश्रांती आणि त्यातले आठ तास सलग, असा नियम आहे.

या कायद्यांत एक तरतूद नेमणाऱ्याच्या हिताची आहे. कुटुंबाने भरती कार्यालयाला पैसे भरून बाई आणलेली असते. पहिल्या सहा महिन्यांत तिने काम नाकारले किंवा ती निघून गेली, तर कार्यालयाला पैसे परत करावे लागतात. कुटुंबाचे पैसे बुडू नयेत हे रास्तच. मात्र त्याचा ताण बाईवर येतो. परत जाते म्हणणाऱ्या बाईला कार्यालय या सहा महिन्यांत समजावते, धमकावते, दुसऱ्या घरी पाठवते, कारण तिला परत पाठवणे म्हणजे कार्यालयाचा तोटा. घर सोडून पळालेल्या बाईविरुद्ध मालक फरार झाल्याची तक्रार देऊ शकतो. ती नोंदली की तिचा ‘अकामा’, म्हणजे राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि पगार बुडालेली बाईच गुन्हेगार ठरते. काम, निवारा आणि देशात राहण्याचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच घराच्या हाती असल्यामुळे हे घडते.

भारताने घरकामगारांविषयी सौदी अरेबियाशी जानेवारी २०१४ मध्ये आणि कुवेतशी १० जून २०२१ रोजी करार केले. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार (कन्व्हेन्शन) संमत केला आणि घरकाम हे काम आहे, घरकामगार हा कामगार आहे, असे मान्य केले. तो २०१३ पासून अमलात आहे. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही.

इस्रायलची रचना वेगळी आहे. तिथे म्हातारपणाच्या सांभाळासाठी राष्ट्रीय विमा आहे आणि त्याचे लाभ १९८८ पासून मिळू लागले. कुटुंबाने अर्ज केला की वृद्धाची पाहणी होते. आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, घरात चालणे, शौचाला जाणे यांतले काय त्याला स्वतःला जमते, हे पाहिले जाते. परावलंबन ठरावीक पातळीपलीकडे असेल तर परदेशी केअरगिव्हर ठेवण्याचा परवाना मिळतो. तो लोकसंख्या आणि स्थलांतर प्राधिकरण देते. माणूस शोधायचा तो परवानाधारक ब्यूरोकडूनच. कुटुंबाला त्याच्यासाठी झोपायची योग्य जागा, खासगी आरोग्यविमा आणि देशाचे किमान वेतन द्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये हे वेतन महिन्याला ६,२४७.६७ शेकेल होते, म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास. राहण्या-जेवणाचे पैसे त्यातून ठरावीक मर्यादेतच कापता येतात. कुवेतच्या किमान वेतनाशी हा आकडा ताडून पाहिला की एकाच गावच्या दोन माणसांच्या नशिबात केवढे अंतर पडते ते कळते.

तिथेही पूर्वी केअरगिव्हर एकाच मालकाला बांधलेला असे. २००६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बांधणी बेकायदा ठरवली आणि सांभाळाच्याच क्षेत्रात मालक बदलण्याची मुभा मिळाली. जादा तासांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र कामगारांच्या विरुद्ध गेला. घरात राहून सांभाळणाऱ्याला कामाच्या तासांचा कायदा लागू होत नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला आणि २०१३ च्या फेरविचारात तो कायम ठेवला. रात्री तीनदा उठून कूस बदलून द्यावी लागते, त्या उठण्याचा वेगळा हिशेब होत नाही.

इस्रायल १८ देशांच्या यादीत नसल्याने तिथे जाताना उत्प्रवास मंजुरी लागत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे ही भरती खासगी एजंटांच्या हाती राहिली आणि माणसे काही लाखांचे कर्ज काढून गेली. पहिली एक-दोन वर्षे ते फेडण्यातच जात. २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत करार होऊन राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत भरतीची वाट खुली झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलने भारताकडे ५,००० केअरगिव्हर मागितले. दहावी उत्तीर्ण आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामासह केअरगिव्हिंगचा अभ्यासक्रम, अशी अट होती. आदिलाबादच्या दहावी झालेल्या मुलामुलींना ही वाट मोकळी आहे. शिक्षण सुटलेल्या त्यांच्या आया-मावश्यांसाठी ती बंदच आहे.

तिथली भाषा हिब्रू, आणि कामापुरते इंग्रजी यावे लागते. दिमोना, लोद, अश्दोद या गावांत कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजाची घरे आहेत. त्यांतल्या जुन्या पिढीला मराठी येते. अशा घरी बेल्याकडचा मुलगा गेला, तर आजीशी बोलायला त्याला हिब्रू लागणार नाही. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते, हे लक्षात घेतले तर ही सोय मोठी आहे.

धोका तिथेही आहे, पण तो युद्धाचा. मे २०२१ मध्ये अश्केलोन इथे रॉकेट पडून केरळची एक केअरगिव्हर मरण पावली. ती एका वृद्धेला सांभाळत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले तेव्हा इस्रायलमध्ये सुमारे १८ हजार भारतीय होते आणि त्यांत केअरगिव्हरांचा भरणा मोठा होता. भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन अजय’ची विमाने आली, तरी अनेक केअरगिव्हर परतले नाहीत. सायरन वाजल्यावर व्हीलचेअर सुरक्षित खोलीत ढकलायला घरात दुसरे कोणी नव्हते. मागे राहिलेल्या कर्जाचा विचारही होताच.

आदिलाबाद-निर्मलच्या घरांत याची दुसरी बाजू दिसते. आई परदेशी गेली की मुले आजीकडे येतात आणि आजीला सांभाळणारे कोणी उरत नाही. दरमहा येणाऱ्या पैशातून शाळेची फी, घराचे छत, सावकाराचा हप्ता निघतो. हे पैसे कोणाच्या खात्यात येतात यावर पुढचे बरेच अवलंबून असते. जाण्यापूर्वी बाईचे स्वतःच्या नावाचे बँक खाते असणे आणि कराराची प्रत घरी ठेवणे या दोन गोष्टी फुकट होतात आणि पुढे सर्वाधिक उपयोगी पडतात. संकटात तक्रार करायची तर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे आणि हैदराबादला प्रवासी साहाय्यता केंद्र आहे. परतीचे तिकीट, निवारा, वकील यांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. या सगळ्या ठिकाणी पहिल्यांदा पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांची छायाप्रत मागतात. आखातात मरण आल्यास तेलंगण सरकार कुटुंबाला पाच लाख रुपये देते. ७ डिसेंबर २०२३ नंतरच्या मृत्यूंना हा निर्णय लागू आहे.

ही नोकरी बहुधा राजीनाम्याने संपत नाही. सांभाळलेला माणूस जातो, त्या दिवशी ती संपते. इस्रायलमध्ये केअरगिव्हरच्या मुक्कामाची मर्यादा ६३ महिने आहे. त्यानंतरही त्याच वृद्धाला गरज असेल तर मुक्काम वाढतो. तो वृद्ध गेला की परवाना उरत नाही आणि मुदत भरलेल्याला देश सोडावा लागतो. जाताना सेवासमाप्तीची रक्कम आणि निवृत्तिनिधी मिळायला हवा. कुटुंब शोकात असते, घर विकायला निघालेले असते, आणि हिशेब मागणे केअरगिव्हरला जिवावर येते. म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेवाव्या लागतात. तक्रार पुढे न्यायची असेल तर भारतातून वकीलपत्र देऊनही ती चालवता येते.