मोटारगाडीतील सबवूफरची जोडणी : ॲम्प्लिफायरचा संरोध आणि शक्ती यांचा मेळ

प्रास्ताविक

मोटारगाडीत स्वतंत्र सबवूफर बसवून घेताना ग्राहक बहुधा दोनच आकडे पाहतो : शंकूचा व्यास किती इंच आणि खोक्यावर छापलेले वॅट किती. ज्या आकड्यावर ॲम्प्लिफायरचे आयुष्य अवलंबून असते, तो ओहमचा आकडा मात्र दुर्लक्षित राहतो. परिणामी कधी ॲम्प्लिफायर जळतो, तर कधी महागड्या यंत्राची निम्मी शक्ती वापराविना पडून राहते. जोडणीचा विचार खरेदीनंतर नव्हे, तर खरेदीपूर्वीच का व्हावयास हवा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

चार ओहम कोठून आले?

ध्वनिक्षेपकाची व्हॉइस कॉइल प्रत्यावर्ती धारेला जो एकूण विरोध करते, त्यास इम्पिडन्स अथवा मराठी परिभाषेत संरोध म्हणतात. घरगुती ध्वनिक्षेपक पुष्कळदा ८ ओहमचे असतात, तर गाडीतील सामान्यतः ४ ओहमचे. याचे कारण गाडीच्या बॅटरीत आहे. इंजिन चालू असताना विभवांतर फार तर १४.४ व्होल्टच्या आसपास असते. डॅशबोर्डमधील स्टीरिओ याच विभवांतरावर चालतो. त्यामुळे त्याच्या निर्गमाचे वर्गमध्यमूळ मूल्य सुमारे १० व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. दहाचा वर्ग भागिले चार, म्हणजे २५ वॅट. अशा स्टीरिओवर ‘५० वॅट’ असे छापलेले असले, तरी तो आकडा क्षणिक कमाल शक्तीचा समजावा. अधिक शक्ती हवी असल्यास विभवांतर वाढवावे लागते किंवा संरोध कमी करावा लागतो. स्वतंत्र ॲम्प्लिफायर आपल्या अंतर्गत विद्युत पुरवठ्याद्वारे पहिली गोष्ट करतो. दुसरी जोडणी करणाऱ्याच्या हाती असते, आणि धोकाही तेथेच आहे.

एकसर व समांतर

नियम शालेय पुस्तकातलेच आहेत. एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते. समान संरोध समांतर जोडल्यास त्यांच्या संख्येने भाग द्यावा लागतो. दोन स्वतंत्र व्हॉइस कॉइल असलेल्या सबवूफरमुळे मात्र प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला एकच सबवूफर २ किंवा ८ ओहमचा करता येतो. असे दोन सबवूफर घेतल्यास चार कॉइल होतात. त्यांची समतोल जोडणी केल्यास १, ४ किंवा १६ ओहम मिळतात. २ ओहम मिळत नाहीत! हीच गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही.

समजा, एखादा एकवाहिनी ॲम्प्लिफायर ४ ओहमला ३०० वॅट व २ ओहमला ५०० वॅट देतो आणि त्याखाली चालविण्यास उत्पादकाची मनाई आहे. वरील दोन सबवूफर त्याला जोडताना १ ओहमचा मार्ग बंद होतो. ४ ओहमवर एकूण ३०० वॅट, म्हणजे प्रत्येकी १५० वॅट मिळतात. त्याऐवजी २ ओहमच्या दुहेरी कॉइलचे सबवूफर घेतले असते, तर प्रत्येकातील कॉइल एकसर आणि दोन्ही सबवूफर समांतर जोडून बरोबर २ ओहम झाले असते व पूर्ण ५०० वॅट मिळाले असते. तथापि ३०० ते ५०० वॅट हा फरक ध्वनीच्या मापात जेमतेम २.२ डेसिबल आहे. तेवढ्यासाठी १ ओहमवर जुगार खेळणे शहाणपणाचे नाही.

दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर ब्रिज करून वापरल्यास प्रत्येक वाहिनीला निम्माच संरोध जाणवतो, हेही ध्यानात घ्यावे. प्रत्येक वाहिनी २ ओहमपर्यंत चालणारी असेल, तर ब्रिज जोडणीत ४ ओहम ही किमान मर्यादा ठरते.

कमी संरोधाची किंमत

५०० वॅट ४ ओहममध्ये देण्यास सुमारे ११ अँपिअर धारा पुरते. १ ओहममध्ये २२ अँपिअरहून अधिक लागते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ३ मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन ६ मीटर तारेचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास भरतो. ४ ओहमच्या भारापुढे तो एक टक्का, १ ओहमपुढे चार टक्के. शिवाय धारा वाढली की ॲम्प्लिफायर अधिक तापतो. बॅटरीकडूनही, ८० टक्के कार्यक्षमता धरली, तरी ५०० वॅटसाठी सुमारे ४५ अँपिअर ओढले जातात. म्हणून मुख्य तार पुरेशी जाड हवी आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तार वाटेत पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडीला आग लागण्यापासून वाचविणारा तोच असतो.

पडताळणी

जोडणी पूर्ण झाल्यावर, ॲम्प्लिफायरला तारा लावण्यापूर्वी, मल्टिमीटरने रोध मोजावा. एकदिश रोध नाममात्र संरोधापेक्षा थोडा कमीच भरतो. ४ ओहमच्या कॉइलसाठी ३.२ ते ३.७ ओहम हे वाचन स्वाभाविक आहे. दुहेरी कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी ठेवू नये. सबवूफरची शक्ती पेलण्याची क्षमता त्याने निम्मी होते. निरनिराळ्या बनावटीचे सबवूफर एकसर जोडल्यास विभवांतराची वाटणी असमान होते, म्हणून तेही टाळावे.

संरोध जुळला तरी गेनची खुंटी पूर्ण फिरवून ठेवली, तर तरंगाची टोके छाटली जातात आणि छाटलेल्या संकेताची सरासरी शक्ती वाढून कॉइल जळते. यावर उपाय सोपा आहे. शक्ती व संरोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. ५०० वॅट व २ ओहमसाठी ते ३१.६ व्होल्ट येते. सबवूफर सोडवून, ५० हर्ट्‌झचा स्वर वाजवीत निर्गमावर तेवढे व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवावा.

अखेरीस ध्रुवता. दीड व्होल्टचा साधा सेल जोडणीच्या धन व ऋण टोकांना क्षणभर लावून पाहावा; सर्व शंकू एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत. एखादा आत गेला, तर त्याच्या तारा उलट आहेत, आणि तो दुसऱ्याचा खर्जच खाऊन टाकील.