अफवांचा बंदोबस्त व सरकारी अनुदान

1 जुलै 2018 रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांचा प्राण घेतला. अफवा मोबाइलवरून पसरली होती. अशा खोट्या मजकुराच्या तपासास खर्च येतो. तो कोणीं सोसावा?

युरोपीय संघानें 2020 सालीं ‘युरोपियन डिजिटल मीडिया ऑब्झर्व्हेटरी’ सुरू केली. पुढें तिचीं प्रादेशिक केंद्रें निघालीं. 2021 मध्यें आठ, मागाहून चौदा. स्पेन व पोर्तुगाल यांचें एक, तर डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड यांचें एक. कारण अफवा भाषेगणिक वेष पालटते. पैक्याचा मोठा वाटा संघाचा, परंतु खरेंखोटें पाहणारे तेथील विद्यापीठांतील पंडित व वृत्तांचे तपासनीस. आम्हीं कचेरींत हयात घालविली. वसुली करणारानेंच तक्रार ऐकली म्हणजे काय होतें, हें आम्हांस ठाऊक आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनें स्वतःच्या कारभाराविषयींचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार स्वतःच्याच तपासणी शाखेस देऊं केला होता. मुंबई उच्च न्यायालयानें 2024 सालीं तो नियम रद्द केला.

युरोपांतील व्यवस्थेंतही उणें आहे. अनुदान मुदतीचें असतें. मुदत सरली कीं पुनः अर्ज. आणि अर्जदार दात्याविरुद्ध कितपत बोलेल, ही शंका आम्हांस राहतेच.