तेवीस-तेवीसचा पेच
(मिनी मंत्रालय : लेखांक ६)

गेल्या लेखांकात गट आणि गण यांची ओळख झाली. एका गटात दोन गण. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य, गणातून पंचायत समितीचा, म्हणून मतदाराला एकाच वेळी दोन मतं द्यावी लागतात, हे आता वाचकांना सांगायला नको. या वेळी निकालाकडे वळू. जिल्हा परिषदेचा खरा निकाल मतमोजणीनंतर आठ-दहा दिवसांनी लागतो, असं माझं पक्कं मत आहे. ते पटवून द्यायला नंदुरबारइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

७ जानेवारी २०२० रोजी नागपूर, अकोला, वाशीम, धुळे, नंदुरबार आणि पालघर या सहा जिल्हा परिषदांसाठी मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मोजणी. महाविकास आघाडीचं सरकार येऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. साहजिकच मुंबईच्या वाहिन्यांनी सहाही जिल्ह्यांना एकच प्रश्न विचारला : आघाडी पास की नापास? नागपुरात ५८ पैकी काँग्रेसला ३०, राष्ट्रवादीला १० आणि भाजपला १५ जागा मिळाल्या. नितीन गडकरींच्या धापेवाड्यातही काँग्रेसचा उमेदवार निवडून आला आणि दिवसभर तीच बातमी चालली. धुळ्यात उलट : ५६ पैकी ३९ भाजपकडे. ज्याला जे हवं ते त्याने उचललं. या दोन जिल्ह्यांवर मी जास्त शाई घालवणार नाही. तिथे बहुमत स्वच्छ होतं आणि अध्यक्ष कोणाचा हे त्याच दिवशी कळलेलं होतं.

नंदुरबारचं तसं नव्हतं. जागा ५६. भाजप २३, काँग्रेस २३, शिवसेना ७, राष्ट्रवादी ३. बहुमताला हवेत २९. आता कागद-पेन्सिल घ्या. काँग्रेसने राष्ट्रवादीला सोबत घेतलं तरी बेरीज २६. भाजपने घेतलं तरीही २६. शिवसेनेचे सात ज्याच्याकडे जातील त्याचे मात्र थेट तीस. मोठ्या दोन पक्षांनी प्रत्येकी तेवीस गटांत गुलाल उधळला आणि किल्ली राहिली सातवाल्यांकडे.

पण हे सात कोणाचे? मुंबईत बसून पाहिलं तर ‘मातोश्री’चे. नंदुरबारच्या बाजारपेठेत विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, रघुवंशींचे. चंद्रकांत रघुवंशी अनेक वर्षं काँग्रेसमध्ये होते, विधान परिषदेवर आमदारही होते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते शिवसेनेत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा गोतावळाही गेला. समोर भाजपकडून डॉ. विजयकुमार गावित. त्यांची आधीची कारकीर्द राष्ट्रवादीतली. २०१४ मध्ये त्यांची मुलगी डॉ. हीना यांनी भाजपच्या तिकिटावर, नऊ वेळा खासदार झालेल्या माणिकराव गावितांना हरवलं आणि घराण्याचा मुक्काम कमळाकडे हलला. काँग्रेसची धुरा अक्कलकुव्याचे आमदार के. सी. पाडवी यांच्याकडे, ते नुकतेच आदिवासी विकास मंत्री झाले होते. चिन्हं बदलत राहिली, वाडे तेच राहिले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. इथल्या निकालाचा तक्ता पक्षवार वाचायचाच असेल तर शेजारी घराण्यांचा दुसरा रकाना काढावा लागतो.

यात एक गंमत आहे. वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषदेचा आराखडा आखला तेव्हा आमदार-खासदारांना सभागृहाबाहेर ठेवलं. १९६१ च्या कायद्यात तेच उतरलं आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हेतू चांगला होता : जिल्ह्यात नवं नेतृत्व घडावं, आमदाराच्या सावलीत खुरटू नये. त्यामुळे पाडवींना किंवा डॉ. गावितांना त्या सभागृहात सदस्य म्हणून खुर्ची नाही. खुर्चीवर बसतात त्यांची माणसं, बऱ्याचदा त्यांच्या घरचीच. कायद्याने नेत्याला दाराबाहेर ठेवलं, नात्याला नाही.

मतमोजणी आणि अध्यक्ष निवड यांमधले दिवस हे या राजकारणाचं सगळ्यात रंगतदार प्रकरण. त्रिशंकू निकाल लागला की सदस्य ‘सहलीला’ जातात, हे आता महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गुलाल अंगावर असतानाच जीप दारात उभी राहते. महिला सदस्य असेल तर नवरा किंवा दीर सोबत. फोन गटनेत्याच्या विश्वासू माणसाकडे जमा. कुठल्यातरी रिसॉर्टवर जेवणखाण, देवदर्शन, पत्ते. निवडीच्या दिवशी सगळे एकाच गाडीतून, एकाच रंगाचे फेटे बांधून, थेट जिल्हा परिषदेच्या पायरीशी उतरतात. आत पीठासन अधिकारी बसलेले. अर्ज, छाननी, माघार आणि मग हात वर करून मतदान. इथे गुप्त मतपेटी नाही. कोणाचा हात कोणासाठी वर गेला ते अख्खं सभागृह बघतं. पक्षाने व्हिप काढलेला असतो. तो मोडला तर १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज जातो. त्या अर्जाचा निकाल कधी लागेल, हा मात्र वेगळ्या लेखमालेचा विषय.

नंदुरबारमध्ये शिवसेनेने काँग्रेसचा हात धरला. काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या आणि रघुवंशींचे चिरंजीव राम उपाध्यक्ष. सात जागांच्या पक्षाला उपाध्यक्षपद मिळालं आणि तेवीसवाला भाजप विरोधी बाकांवर बसला. राज्यातल्या आघाडीचाच हा नमुना, असं तेव्हा छापून आलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. सात सदस्य हातात असलेला नेता सौदा करणारच. मुंबईतल्या आघाडीने त्याला नैतिक पांघरूण पुरवलं, एवढंच.

एवढी धडपड कशासाठी, असा प्रश्न पडेल. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पाणी योजना हे सगळं या इमारतीतून चालतं. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सरकार म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषदेची शिक्षिका आणि नर्सच. मात्र सदस्यांच्या हातातली सत्ता पूर्वीइतकी राहिलेली नाही. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या आणि एक मोठा दरबार उठला. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतींना गेले, जिल्हा परिषदेच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. पंधराव्या आयोगाने दहा टक्के परत दिले, तेव्हा सदस्यांच्या जिवात जीव आला. लाल दिवाही गेला. तरी बांधकाम समितीच्या सभापतिपदासाठीची चुरस कमी झालेली नाही. का, ते वाचक ओळखतील.

आता या निकालाचा दुसरा अंक. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निर्णय दिला. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर तितक्या प्रमाणात इतर मागासवर्गाच्या जागा टिकणार नाहीत. नंदुरबार आदिवासीबहुल. अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येप्रमाणे राखीव असलेल्या जागाच निम्म्याहून जास्त. मग इतर मागासवर्गासाठी उरतं काय? काहीच नाही. सहा जिल्ह्यांत मिळून ८५ सदस्यांची पदं गेली, त्यांत नंदुरबारचे ११. खुद्द उपाध्यक्षांची जागाही त्यांत होती. मतदारांनी रांगेत उभं राहून दिलेला कौल वर्ष-सव्वा वर्षाने रद्द झाला. त्यात मतदाराची चूक नव्हती, उमेदवाराचीही नव्हती. चूक आरक्षणाचं गणित न तपासता निवडणूक घेणाऱ्या व्यवस्थेची होती, आणि तिची किंमत कोणत्याही कार्यालयाने मोजली नाही.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. या जागा आता खुल्या होत्या. त्यामुळे कोळदे गटातून विजयकुमार गावितांची दुसरी मुलगी डॉ. सुप्रिया उभी राहून निवडून आली आणि कोपर्लीतून राम रघुवंशी पुन्हा आले. अकरापैकी भाजपला ४, काँग्रेसला ३, शिवसेनेला ३, राष्ट्रवादीला १. तेवीस-तेवीसची बरोबरी मोडली आणि काँग्रेस पुढे गेली.

तिसरा अंक ऑक्टोबर २०२२ चा. अध्यक्षांची मुदत अडीच वर्षांची असते. ती संपल्यावर पुन्हा निवड. तोवर राज्यात शिवसेना फुटली होती, रघुवंशी शिंदेंसोबत होते आणि डॉ. गावित आदिवासी विकास मंत्री झाले होते. मुंबईत शिंदे-भाजप एकत्र, म्हणजे नंदुरबारातही एकत्र, असा अंदाज कोणी केला असेल तर तो फसला. इथे ते समोरासमोरच राहिले. काँग्रेसचे काही सदस्य फुटले आणि पोटनिवडणुकीनंतर मागे पडलेल्या भाजपच्या सुप्रिया गावित अध्यक्ष झाल्या. सदस्य बहुतेक तेच आणि मतदारही तेच, पण २०२० मध्ये विरोधात बसलेला पक्ष सत्तेवर आला. मधल्या काळात, पोटनिवडणुकीचे अकरा गट सोडले तर, सर्वसामान्य मतदाराला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला.

तेव्हा तुमच्या जिल्ह्याचा निकाल लागेल त्या दिवशी ‘सर्वांत मोठा पक्ष कोणता’ या मथळ्यावर फार वेळ घालवू नका. एकूण जागांच्या निम्म्यात एक मिळवा आणि तिथपर्यंत कोण पोचतो ते बघा. अध्यक्षपदाचं आरक्षण सोडतीत कोणत्या प्रवर्गाला गेलंय, आणि त्या प्रवर्गाचा सदस्य बहुमतवाल्यांकडे आहे का, तेही तपासा; कधीकधी सगळा डाव तिथेच उलटतो. आणि तुमच्या गटाचा सदस्य निवडीच्या दिवशी कोणासाठी हात वर करतो, ते नाव लिहून ठेवा. सभा उघड असते, इतिवृत्त मागता येतं, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पुढच्या आठवड्यात : विषय समित्यांची वाटणी आणि सेस फंडाचा हिशेब.