बाँडपटांचे बदलते संगीतकार

एखाद्या चित्रपटमालेचा नायक बदलला म्हणजे प्रेक्षक काही दिवस कुरकुरतात आणि मग नव्या चेहऱ्याला सरावतात. परंतु पडद्यावर ज्याचे नखही दिसत नाही असा संगीतकार बदलला, म्हणून प्रेक्षकांत वर्षानुवर्षे वाद धुमसत राहावा, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास नवलाची वाटेल. जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या साहसपटांबाबत मात्र असे घडले आहे. १९६२ ते २०२१ या काळात या मालेतील २५ चित्रपट निघाले. त्यांत नायक झाले ६ आणि संगीतकार १०. नायकांइतकीच भांडणे संगीतकारांवरून झाली. ती केवळ हौशी लोकांची कटकट आहे, की तिच्या मुळाशी काही तथ्य आहे, ते आज आपण पाहू.

बाँडचे नाव घेताच कानांत जी धून घुमू लागते, तिचा जन्मच मुळी वादग्रस्त आहे. पहिल्या 'डॉक्टर नो' (१९६२) या चित्रपटाचे संगीतकार होते माँटी नॉर्मन. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या १९६१ सालच्या कादंबरीवरून एक संगीतिका रचण्याचा बेत होता. कादंबरी त्रिनिदादमधील हिंदी लोकांच्या जीवनावरची; म्हणून नॉर्मन यांनी तिच्यासाठी भारतीय वळणाची एक चाल बांधली होती. संगीतिका काही रंगभूमीवर आली नाही. ती बाजूस पडलेली चाल नॉर्मन यांनी या हेरपटासाठी काढली. चालीला चित्रपटात शोभेल असा साज चढविण्याचे काम जॉन बॅरी या तरुण वाद्यवृंदचालकाकडे गेले आणि व्हिक फ्लिक यांनी ती गिटारीवर वाजविली. अशा रीतीने लंडनच्या या हेराची ओळख ठरलेल्या सुरांची नाळ आपल्या देशातून वेस्ट इंडीजला गेलेल्या मजूर घराण्यांच्या एका कथेशी जुळलेली आहे!

संगीताची आवड असणाऱ्यांनी ही धून जरा लक्ष देऊन ऐकावी. षड्ज आणि कोमल गांधार खाली स्थिर राहतात आणि त्यांवर एक स्वर पंचमावरून कोमल धैवतावर, तेथून शुद्ध धैवतावर आणि पुन्हा कोमल धैवतावर असा सरकत राहतो. मांजराने भिंतीच्या कडेकडेने पावले टाकावीत, तसा हा संचार आहे. मग पितळी वाद्ये एकदम उसळतात. शेवटी गिटारीवर कोमल गांधार आणि शुद्ध निषाद एकाच आघातात वाजतात आणि प्रश्न अर्धवट सोडल्यासारखी धून थांबते. सरकणारे स्वर म्हणजे पाळत, पितळी वाद्ये म्हणजे हल्ला आणि शेवटचा आघात म्हणजे संशय. हेराचा सारा धंदाच त्यात आला.

धून नॉर्मनची की बॅरीची, हा वाद पुढे न्यायालयातही गेला. बॅरी हेच खरे कर्ते, असे छापणाऱ्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्रावर नॉर्मन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि २००१ साली लंडनच्या न्यायालयात ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन ३०,००० पौंडांची भरपाई देवविली. कायद्याने चाल नॉर्मन यांची ठरली. परंतु चालीला अंगकाठी, चालढाल आणि पोशाख कोणी दिला, हे कान असलेल्यास सांगावे लागत नाही.

पुढच्या काळात बॅरी यांनी या मालेतील ११ चित्रपटांना संगीत दिले. त्यांची खरी कामगिरी त्या एका धुनेपेक्षा मोठी आहे. 'गोल्डफिंगर' (१९६४) पासून त्यांनी अशी पद्धत घातली की, आरंभीच्या शीर्षकगीताची चालच चित्रपटभर निरनिराळ्या वेषांत वावरावी. प्रणयप्रसंगी ती तंतुवाद्यांवर संथपणे यावी, पाठलागात तीच दुप्पट लयीत पितळी वाद्यांतून फुटावी. त्यामुळे गीत, दृश्य आणि पार्श्वसंगीत एकाच सुताने ओवले जाई. आपल्या प्रेक्षकांना गाणे आणि पार्श्वसंगीत ही दोन निराळी खाती समजण्याची सवय आहे. बॅरी यांनी ती दोन्ही एक केली. पुढच्या साऱ्या तक्रारींचे मूळ येथे आहे, हे ध्यानात ठेवावे.

बॅरी अधूनमधून दूर गेले तेव्हा इतरांना संधी मिळाली. १९७३ साली बीटल्सचे ध्वनिमुद्रण करणारे जॉर्ज मार्टिन आले. १९७७ साली मार्विन हॅम्लिश यांनी त्या वेळच्या डिस्कोच्या ठेक्यावर मूळ धून नाचविली. १९८१ साली 'रॉकी'चे संगीतकार बिल काँटी आले. जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. हॅम्लिश यांच्या पार्श्वसंगीताला आणि गीताला मात्र ऑस्करसाठी नामांकने मिळाली. तो ठेका आज जुनाट वाटतो, हे खरे. पण १९७७ सालच्या तरुणाला तो ताजा वाटला असेल, हेही तितकेच खरे.

१९८३ साल या वादात फार उद्बोधक आहे. त्या एकाच वर्षी दोन बाँडपट निघाले. एकात मूळचा नायक शॉन कॉनरी बारा वर्षांनी परत आला होता. परंतु तो चित्रपट दुसऱ्या निर्मात्यांचा असल्यामुळे मूळ धून वापरण्याचा हक्क त्यांना नव्हता. संगीत दिले मिशेल लग्राँ यांनी. हा माणूस काही लहानसहान नव्हे. फ्रान्समधील अव्वल संगीतकारांपैकी एक. तरीही तो चित्रपट पाहताना काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहते. नायक खरा, पण त्याच्यामागून सावली चालत नाही. दुसरा चित्रपट 'ऑक्टोपसी'. त्यात नायक रॉजर मूर. संगीतकार मात्र बॅरी. त्याचे बरेचसे चित्रण उदयपुरास झाले. तेथे बाँड नावेतून उतरतो तेव्हा गारुड्याच्या वेषातला साथीदार ओळख पटविण्यासाठी पुंगीवर हीच धून वाजवितो, आणि तो गारुडी झाला होता आपला टेनिसपटू विजय अमृतराज! थट्टेचा प्रसंग आहे, पण त्यात एक कबुली दडली आहे. परवलीचा शब्द म्हणून निर्मात्यांनी ना नाव निवडले, ना चेहरा. त्यांनी धून निवडली.

बॅरी यांनी १९८७ साली अखेरचा बाँडपट केला आणि त्यात विद्युत वाद्यांचे ठेके स्वतःच आणले. परंपरेचा जप करणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही. १९८९ चा चित्रपट मायकेल केमन यांनी केला. मग सहा वर्षांचा खंड पडला आणि १९९५ साली 'गोल्डनआय'साठी एरिक सेरा या फ्रेंच संगीतकारास पाचारण झाले. त्यांनी थंड, धातूच्या खणखणाटासारखे विद्युतसंगीत रचले. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांतून बाँड रणगाडा हाकीत जातो, तो या चित्रपटातला कळसाचा प्रसंग. तेथे सेरा यांची रचना निर्मात्यांनाच रुचली नाही. जॉन ऑल्टमन यांच्याकडून पूर्ण वाद्यवृंदाची, मूळ धून असलेली रचना करवून घेऊन ती त्या जागी बसविण्यात आली. सेरा यांची रचना ध्वनिमुद्रिकेवर राहिली. जिज्ञासूने दोन्ही ऐकून पाहाव्यात. माझ्या मते सेरा यांची रचना वाईट नाही. पण ती रणगाड्याविषयी बोलते. ऑल्टमन यांची, तो रणगाडा कोण हाकतो आहे, हे सांगते.

या अनुभवानंतर डेव्हिड आर्नल्ड आले, तेही खुद्द बॅरी यांच्या शिफारशीने. १९९७ ते २००८ या काळात त्यांनी ५ चित्रपट केले. 'कॅसिनो रॉयल' (२००६) मध्ये नायक नवखा हेर दाखवायचा होता, म्हणून आर्नल्ड यांनी मूळ धून पूर्णपणे वाजूच दिली नाही. तिच्याऐवजी शीर्षकगीताच्या चालीचे तुकडे ठेवले. ते गीत रचण्यात त्यांचा वाटा होता, म्हणून ते साधले. अखेरच्या दृश्यात नायक आपले नाव उच्चारतो आणि तेव्हा कोठे ती धून संपूर्ण उसळते. दोन तास उपाशी ठेवून वाढलेले ते पक्वान्न!

आता खऱ्या खडाजंगीकडे येऊ. 'स्कायफॉल' (२०१२) चे दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी आपले जुने सहकारी टॉमस न्यूमन यांना घेतले. 'अमेरिकन ब्यूटी' (१९९९) पासून ही जोडी जमलेली. आर्नल्डप्रेमी संतापले. त्यांचे म्हणणे असे की, पन्नास वर्षांची माला ही एका दिग्दर्शकाची मालमत्ता नव्हे. घरात नवा भाडेकरू आला म्हणून तुळशीवृंदावन हलवीत नाहीत. उलट पक्ष म्हणे की, दिग्दर्शकास आपला छायालेखक निवडता येतो, मग संगीतकार का नाही? प्रत्येक नवा मनुष्य बॅरी यांची नक्कल करू लागला तर माला म्हणजे स्मारक होईल.

दोन्ही बाजूंत जोर आहे. न्यूमन यांच्या कामाला बाफ्टा पारितोषिक मिळाले आणि त्यातील शांत, अंधुक जागा खरोखर सुंदर आहेत. परंतु ॲडेल यांच्या गाजलेल्या शीर्षकगीताची चाल चित्रपटाच्या अंतरंगात जवळजवळ एकदाच, मकावच्या जुगारगृहाकडे नाव जाते तेव्हा, स्पष्ट ऐकू येते. दोष न्यूमन यांचाच आहे असे नाही. गीत एकाकडे आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की, बॅरी यांचे ते सूत तुटणारच. पुढील 'स्पेक्टर' (२०१५) मध्ये मात्र न्यूमन यांनी आपल्याच मागील चित्रपटातील संगीताचे तुकडे इतके पुन्हा योजले की, चाहत्यांचा राग तेथे मला रास्त वाटतो.

२५ वा चित्रपट 'नो टाइम टू डाय' डॅन रोमर यांच्याकडे होता. दिग्दर्शक कॅरी फुकुनागा यांच्याबरोबर त्यांनी पूर्वी काम केले होते. काम अर्ध्यावर असता रोमर बाहेर पडले आणि २०२० च्या जानेवारीत हॅन्स झिमर यांचे नाव पुढे आले. झिमर यांनी शीर्षकगीताची चाल पार्श्वसंगीतात पुन्हा गुंफली; शिवाय बॅरी यांनी १९६९ साली लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजासाठी बांधलेल्या गीताचे सूर मोक्याच्या जागी परत आणले. बॅरी २०११ सालीच वारले होते.

पुढील चित्रपटाचे दिग्दर्शन डेनी व्हिलनव्ह करणार, असे २०२५ साली जाहीर झाले. २०१७ सालच्या 'ब्लेड रनर २०४९' मध्ये त्यांनी योहान योहानसन या आपल्या आवडत्या संगीतकारास बाजूस सारून झिमर व बेंजामिन वॉलफिश यांच्याकडून काम करवून घेतले होते. मूळ चित्रपटाच्या नादाशी नव्याचे नाते राहावे, हेच त्या वेळी त्यांनी कारण दिले होते.