मोती, तेल आणि पाणी

आपल्याकडे लग्नाकार्यात नथ निघाली की घरातली वडीलधारी मंडळी हमखास सांगतात, "हे बसऱ्याचे मोती बरं का!" नाव बसऱ्याचं, पण त्यातले पुष्कळसे मोती निघायचे ते आज आपण राहतो त्या बहरीनभोवतालच्या समुद्रातून. आहे की नाही गंमत?

उन्हाळ्याचे चार महिने शेकडो होड्या समुद्रात असत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, दगडाच्या वजनाने तळाशी जात. होडीचा मुख्य तो 'नाखुदा', म्हणजे आपल्या कोळ्यांचा नाखवाच! मोती मुंबईच्या बाजारात पोचत, पाणबुड्यांच्या वाट्याला मात्र बहुधा कर्जच येई.

पुढे काय झालं? समुद्र तोच, शिंपलेही तेच. पण जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. असे मोती बाजारात आले, त्यात १९२९ची मंदी आली आणि इथल्या मोत्यांचे भाव कोसळले.

१९३२ साली जबल दुखानपाशी तेल लागलं. आखाताच्या अरबी बाजूचं हे पहिलंच. तेल काही त्या वर्षी तयार झालं नव्हतं, युगानुयुगं ते जमिनीखाली पडून होतं. जगात मोटारी धावू लागल्या तेव्हा त्याला मोल आलं. कालचे कितीतरी पाणबुडे तेलाच्या कामावर लागले.

आणि पाणी? इथे समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे बुडी मारून पखाली भरून आणत. पुढे जमिनीतल्या पाण्याचा उपसा वाढला आणि बरेच झरे आटले. आज आपल्या नळाला येतं ते बहुतेक समुद्राचंच पाणी, इंधन जाळून गोडं केलेलं.

थोडक्यात, वस्तूला किंमत देते ती माणसाची गरज आणि त्याची विद्या, आणि ती काढूनही घेतात तीच दोघं. आपल्या बऱ्याच जणांची चूल तेलावर पेटते, तेव्हा मुलांच्या हाती पगारापेक्षा विद्या द्यावी हे बरं. पाण्याची गरज मात्र कधीच सरणार नाही. तेव्हा दात घासताना नळ बंद!

येत्या सुट्टीत मुलांना मुहर्रकला जरूर न्या. मोत्यांच्या व्यापाराच्या तिथल्या खुणांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आहे. चार भिंती पाहून येऊ नका, ही गोष्टही सांगा.